ग्रोथ म्हणजे वाढ

‘गुरुजी, आणि वाईट वाढीला इंग्रजीत काय म्हणायचं?’

बोर्डीच्या बसथांब्यावर उभं राहून लडक्यानं हे विचारलं, तेव्हा मी त्याच्या हातात उघडी होते. गुरुजींनी पेनाचं टोपण काढलं, जरा विचारात पडले, तेवढ्यात बस आली. ‘पुढच्या खेपेला सांगतो रे,’ म्हणत ते दांड्याला धरून चढले आणि गेले. त्यांची बदली झाली होती. पुढची खेप आलीच नाही.

नंतर लडक्यानं हेच मुकादमाला विचारलं, टपालवाल्याला विचारलं, स्टेशनवरच्या तिकीटबाबूलाही विचारलं. कुणी हसलं, कुणी म्हणालं, ‘वाईट वाढ म्हणजे काय रे बाबा? वाढ ती वाढ.’ उत्तर कुणी दिलं नाही. मग लडक्यानंही विचारायचं सोडून दिलं.

मी त्याची वही बोलतेय. वही म्हणायची एवढंच. चिकूच्या करंड्यांवर चिकटवायची जी लेबलं असतात, त्यांचे उरलेले कागद लडक्यानं गोळा केले, मधोमध दुमडले आणि पोती शिवायच्या दाभणानं सुतळी घालून शिवले. माझ्या प्रत्येक पानाच्या पाठीवर चिकूचं चित्र आहे. पोट मात्र कोरं होतं. शर्टाच्या खिशात बसेन एवढीच मी. वाडीवरची माणसं मला चोपडी म्हणायची.

बोर्डीजवळच्या एका चिकूच्या वाडीत लडक्या कामाला होता. मूळचा गंजाडचा. तिसरी पास, चौथीत शाळा सुटली. वाडीचा शेठ मुंबईला राहायचा. त्याला दर महिन्याला एक कार्ड लागायचं, कलमं कशी आहेत, किती वाढली, आणि तेही इंग्रजीत. शेठ गुजराती बोलायचा, मराठी त्याला समजायचं, पण वाचायला इंग्रजीच यायचं. कार्ड लिहिणारा कारकून एक दिवस नोकरी सोडून गेला. मुकादम भीमा डोक्याला हात लावून बसला. तेव्हा लडक्या पटकन म्हणाला, ‘मी लिहितो की.’

असाच होता तो. आधी तोंडातून शब्द जायचा, मग मागून विचार यायचा.

‘तू?’ भीमा म्हणाला. ‘तुला ए बी सी तरी येते का?’

‘येते. झेडपर्यंत येते.’

तेवढं खरं होतं. अक्षरं यायची, शब्द येत नव्हते. म्हणून त्यानं मला शिवलं आणि गुरुजींकडे नेलं. वाडीच्या कुंपणापलीकडच्या शाळेत ते इंग्रजी शिकवायचे. गुरुजींनी विचारलं, ‘कार्डात काय लिहायचं असतं?’ लडक्या म्हणाला, ‘कलमं चांगली आहेत, एवढंच.’ गुरुजी हसले आणि त्यांनी माझ्या पानावर बारा शब्द लिहून दिले. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी. ग्रोथ म्हणजे वाढ. रॅपिड म्हणजे झपाट्याची. लार्ज म्हणजे मोठी. थ्रायव्हिंग म्हणजे जोमात. फ्लरिशिंग म्हणजे बहरात. व्हिगरस, ब्लूमिंग, असे एकाहून एक हिरवेगार शब्द. माझ्या पोटात जणू वाडीच लावली त्यांनी.

त्या रात्री लडक्यानं बारा शब्द दहादहा वेळा म्हटले. मग ‘वाढ’च्या पुढं जागा उरली होती, तिथं त्यानं आपल्या हातानं आणखी एक शब्द जोडला. ‘चांगली’. ग्रोथ म्हणजे वाढ चांगली. गुरुजींच्या अक्षराशेजारी त्याचं वाकडं अक्षर.

मी वही. लिहिलं ते धरून ठेवते. नको म्हणायला मला तोंड नव्हतं. पण खरं सांगायचं तर तो शब्द मलाही आवडला होता.

कार्डं जायला लागली. ‘ग्रोथ रॅपिड. ऑल प्लान्ट्स फ्लरिशिंग.’ शेठ खूश. भीमा मुकादम येताजाता चिडवायचा, ‘लडक्यासाहेब, माझ्या मिशीची ग्रोथ पण लिहा की कार्डात!’ लडक्या म्हणायचा, ‘तुमची मिशी ब्लूमिंग नाही भीमाभाऊ, पांढरी व्हायला लागली ती.’ बायका करंड्या भरताभरता हसायच्या.

याचा सगळ्यात जास्त आनंद झाला तो गंगीला. गंगी ही लडक्याची मोठी बहीण. आई गेली तेव्हा लडक्या चार वर्षांचा होता. तेव्हापासून गंगीनं त्याला कडेवर घेऊन भात लावला, नाचणी कापली, लाकडं आणली. तिचं लग्न झालं ते झरीला, चिमणशी. तेव्हा लडक्या बारा वर्षांचा होता, तरी पाठवणीच्या वेळी तिच्या लुगड्याला धरून राहिला होता. तो तिला बाय म्हणायचा.

लडक्या सुट्टीला झरीला गेला की गंगी मला हातात घ्यायची. उलटी धरायची. ‘यात काय लिहिलंय रे?’

‘यात सगळं वाढायचं लिहिलंय, बाय.’

‘मग माझ्या घरात पण जरा वाढू दे की,’ ती म्हणायची आणि हसून मला परत द्यायची. लग्नाला सात वर्षं झाली होती. पाळणा हलला नव्हता. तिची सासू शुक्री चांगली बाई, कधी टोचून बोलली नाही, पण दुसऱ्यांची पोरं अंगणात खेळायला लागली की उठून आत जायची. ते गंगीला कळायचं.

आता वाईट वाढीचं सांगते. त्या वर्षी श्रावणात लडक्या तापानं पंधरा दिवस पडून होता. चिकूचं कलम खिरणीच्या रोपावर बांधतात. खाली खिरणी, वर चिकू. सांध्याच्या खालून खिरणीला फुटवे आले की ते लगेच खुडायचे असतात, नाहीतर सगळा रस तेच ओढतात आणि वरचा चिकू वाळून जातो. लडक्या बरा होऊन आला तर सगळे वाफे हिरवेगार. तो बांधावर उभा राहिला, लांबूनच बघितलं, मला खिशातून काढलं आणि कार्ड लिहून टाकलं. ‘ग्रोथ व्हेरी रॅपिड.’ खाली वाकून एक पान बघितलं नाही.

शेठ खूश होऊन कलमं बघायला आला. वाफ्यात शिरला आणि ओरडला, ‘अरे, आ तो बधी खिरणी छे!’

सगळी खिरणीच माजली होती, वरचा चिकू वाळलेला. तीनशे कलमं गेली. शेठनं लडक्याला काढलं नाही, दोन शिव्या दिल्या आणि सोडून दिलं. पण लडक्याच्या मनाला ते लागलं. म्हणून तो गुरुजींना शोधत बसथांब्यावर गेला होता. म्हणून तो प्रश्न. तेव्हा जर बस दोन मिनिटं उशिरा आली असती, तर माझ्या पानावर तेरावा शब्द आला असता. आता मी बसला दोष देते. लडक्या देत नाही.

ही गोष्ट अठ्ठावन्न सालची. त्यानंतर दोन वर्षांनी गंगीला दिवस गेले, असं सगळ्यांना वाटलं.

तीन महिने झाले, पाळी नाही. पोट दिसायला लागलं. शुक्रीनं देवाला कोंबडा बोलला. चिमण शेतातून आला की अंगणातले दगड उचलून बाजूला टाकायचा, गंगीला ठेच लागू नये म्हणून. लडक्या दर पंधरा दिवसांनी पिकलेले चिकू घेऊन झरीला जायचा. पण पोट फार भराभर वाढत होतं. पाचव्या महिन्यात नवव्याएवढं दिसायला लागलं. बायका म्हणाल्या, ‘जुळं असेल गो!’

झरीला चिमणच्याच पाड्यात बुधीबाई राहायची. म्हातारी, अंगानं काटक, जिभेची फटकळ. पाड्यातली निम्मी माणसं तिच्याच हातांनी जगात आलेली. चिमणसुद्धा. तिनं एक दिवस गंगीला ओटीवर निजवलं, पोटावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग उठली आणि चिमणला म्हणाली, ‘हिला डहाणूला ने. मोठ्या डॉक्टरला दाखव.’

‘का? काय झालं?’

‘मला नीट वाटत नाही. ने म्हणते तर ने.’

चिमणच्या बैलाचा पाय मोडला होता, त्याला सोडून चिमणला हलता येईना. म्हणून लडक्या बहिणीला घेऊन निघाला. घोलवडपर्यंत दुसऱ्याच्या गाडीतून, तिथून आगगाडीनं डहाणूला. मी त्याच्या खिशात.

दर बुधवारी मुंबईहून येणारा एक डॉक्टर होता. त्यानं गंगीला तपासलं. त्याला मराठी येत नव्हतं. कंपाउंडर मधे उभा राहून एकाचं दुसऱ्याला सांगत होता. गंगीनं हळूच विचारलं, ‘पोर बरं आहे ना?’ कंपाउंडरनं डॉक्टरकडे बघितलं. डॉक्टर खाली मान घालून लिहीत राहिला. लिहून झाल्यावर त्यानं कागद पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं.

‘मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात जा,’ कंपाउंडर लडक्याला म्हणाला. ‘आजच जा. हे पाकीट तिथं डॉक्टरच्या हातात द्यायचं. मधे फोडू नको.’

‘पण पोटात काय आहे, साहेब?’

‘ते तिथं बघतील. तू गाडी पकड.’

दोघं स्टेशनवर येऊन बाकावर बसली. मुंबईची गाडी यायला अर्धा तास होता. गंगीनं मुंबई कधी बघितली नव्हती. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

‘मुंबईला पोट कापतात म्हणे, लडक्या.’

‘तसं नसतं गो.’

‘परत येऊ ना आपण?’

लडक्या रुळांकडे बघायला लागला.

‘तुला येतं ना इंग्रजी,’ ती म्हणाली. ‘बघ तरी काय लिहिलंय. मला कळलं तर मी घाबरणार नाही.’

लडक्यानं पाकीट हातात धरलं. ‘फोडू नको म्हणालाय.’

‘तो काय बघायला येतोय?’

एवढं ती बोलली आणि त्यानं पाकीट फोडलं. कागदावर सात-आठ ओळी होत्या, घाईघाईच्या. लडक्यानं मला मांडीवर उघडलं आणि एकेक शब्द माझ्याशी ताडून बघायला लागला. पहिली ओळ, काही नाही. दुसरी ओळ, काही नाही. तिसऱ्या ओळीत लार्ज. माझ्याकडे होता. मोठी. मग एक अवघड शब्द, तो माझ्याकडे नव्हता. मग ग्रोथ. त्याच्या खाली रॅपिड. त्या शब्दाखाली डॉक्टरनं दोन रेघा मारल्या होत्या.

लडक्या बाकावरून उठून उभा राहिला.

‘बाय! अगो, वाढ लिहिलीय! मोठी वाढ, झपाट्याची वाढ! चांगली! म्हणून तर पाचव्यातच एवढं दिसतंय!’

‘खरं?’

‘हे बघ. ग्रोथ. आणि हे बघ चोपडीत. वाढ चांगली. दोन रेघा मारल्यात खाली, एवढी चांगली!’

‘आणि हा मोठा शब्द कुठला?’

लडक्यानं तो शब्द पुन्हा बघितला, मला पुन्हा चाळलं. ‘हा? हा बाळाला म्हणत असतील.’

गंगी रडायला लागली. नऊ वर्षांचं रडणं होतं ते, हसत हसत रडत होती. तेवढ्यात मुंबईची गाडी आली. समोर उभी राहिली. माणसं उतरली, चढली. एका डब्यातून कुणीतरी ओरडलं, ‘येताय का? जागा आहे!’ लडक्यानं हात हलवून नाही म्हटलं. गार्डानं शिट्टी वाजवली. गाडी हलली.

सात-आठ ओळींतले तीन शब्द ओळखीचे निघाले आणि ते तिन्ही माझे होते. बाकीच्या शब्दांनी काय काय आरडाओरडा केला असेल त्या कागदावर, तो आम्हाला ऐकू आला नाही. मी एवढ्याशा पानांची, पण त्या दिवशी मी एका बाईच्या आणि गाडीच्या मधे आडवी पडले. हे मी कुणावर ढकलत नाही.

परतीच्या वाटेवर लडक्यानं गूळ घेतला आणि झरीला जाऊन घरोघर वाटला. अंगण माणसांनी भरलं. त्यानं मधोमध उभं राहून चिठ्ठी वाचून दाखवली, तेच तीन शब्द, पुन्हा पुन्हा. पोरं ओरडायला लागली, ‘रापीड! रापीड!’

बुधीबाई कुडाला टेकून उभी होती. ती पुढं आली.

‘काय रे, कागदाला पोट चाचपता येतं का?’

‘डॉक्टरनं चाचपलं, मग लिहिलं, बुधे.’

‘मुंबईला जा म्हणाला की नाही तो? खरं सांग.’

‘म्हणाला. पण हे वाचल्यावर कशाला जायचं?’

‘मी चाळीस वर्षं बाळंतपणं करतेय. पोर असतं तर हाताखाली हललं असतं. हे पोर नाही. दगड आहे.’

शुक्रीनं कानांवर हात ठेवले. आणि लडक्या, माझा लडक्या, आईच्या वयाच्या त्या बाईच्या अंगावर धावून गेला. ‘चालती हो! या दारात पुन्हा दिसलीस तर तंगडी मोडीन! अडाणी म्हातारी, तुला अक्षर तरी कळतं का?’

बुधीबाईनं त्याच्याकडे बघितलं. ‘मला अक्षर नाही कळत,’ ती म्हणाली आणि निघून गेली.

त्या दिवसापासून पोटातल्याचं नाव रापीड पडलं. गंगी हात फिरवत म्हणायची, ‘आज रापीडला भूक नाही बहुतेक, मलाच जेवण जात नाही.’ तिचे हातपाय बारीक व्हायला लागले. गालाची हाडं वर आली. पोट तेवढं वाढत होतं. लडक्या आला की ती विचारायची, ‘वाच ना रे पुन्हा.’ तो चिठ्ठी माझ्या पानांतून काढायचा, वाचायचा, पुन्हा घडी करून माझ्यात ठेवायचा. ती घडी माझ्या अंगावर उमटली आहे.

होळीच्या सुमारास तिनं विचारलं, ‘अजून रॅपिडच आहे ना रे?’

‘रॅपिडच गो.’

‘मग मला असं का होतं?’

लडक्यानं तिला चिकू सोलून दिला. तिनं एक फोड तोंडात घेतली, बराच वेळ घोळवली आणि हळूच पदरात काढून ठेवली, त्याला दिसू नये म्हणून. त्याला दिसलं. तो दुसरा चिकू सोलायला लागला.

वैशाखात तिला कळा सुरू झाल्या, असं सगळ्यांना वाटलं. बुधीबाईला कुणी बोलावलं नाही. तलासरीहून दुसरी सुईण आणली. तिनं पोटावर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा उचलला. चिमणनं गाडी जुंपली. लडक्या नेमका आलेला होता, तोही निघाला. डहाणूला पोचेपर्यंत गंगी बोलत होती. लडक्याला म्हणाली, ‘तू चालत येऊ नको, गाडीत बस, पाय भाजतील.’ दवाखान्याच्या ओटीवर तिला उतरवलं तेव्हा ती बोलत नव्हती. थोड्या वेळानं श्वासही थांबला.

चिमण तिच्या उशाशी बसून राहिला. कंपाउंडर लडक्याला आत घेऊन गेला. त्यानं बाई ओळखली होती.

‘मुंबईला काय म्हणाले?’

लडक्यानं मला काढलं, माझ्यातून चिठ्ठी काढली, दिली. कंपाउंडर त्या कागदाकडे आणि फोडलेल्या पाकिटाकडे बघत राहिला.

‘ही तर इथंच आहे.’

‘मी वाचली, साहेब. चांगली वाढ लिहिली होती. ग्रोथ.’

‘अरे, ग्रोथ म्हणजे गाठ. पोटात गाठ होती बाईच्या. मोठी, आणि झपाट्यानं वाढणारी. ताबडतोब दाखल करा, असं लिहिलंय खाली. पोर नव्हतंच.’

‘ग्रोथ म्हणजे वाढ ना?’

‘वाढच. गाठीची.’

लडक्यानं चिठ्ठी परत घ्यायला हात पुढं केला. मी त्याच्या हातातून पडले आणि उघडी पडले, नेमकी त्याच पानावर. कंपाउंडरनं वाकून मला उचललं, पान वाचलं, चिठ्ठी माझ्यात ठेवली आणि मला मिटून लडक्याच्या खिशात घातलं.

झरीला लडक्यानं कुणाला काही सांगितलं नाही. गाठ होती एवढं चिमणला कंपाउंडरनं सांगितलं होतं, पण चिठ्ठीतही तेच लिहिलं होतं, हे त्याला माहीत नव्हतं. अग्नी दिला आणि लडक्या बोर्डीला पळून गेला. अकरा दिवस वाडीत खाली मान घालून काम करत राहिला. कार्ड लिहायची तारीख आली, त्यानं लिहिलं नाही. भीमानं विचारलं, ‘काय साहेब, ग्रोथ नाही का या महिन्यात?’ मग त्याच्या तोंडाकडे बघून कामाला लागला.

इकडे पाड्यात वेगळंच शिजत होतं. गाठ बिठ कुणाच्या ध्यानात राहिली नाही. लोकांना आठवत होता तो बुधीबाईचा शब्द. ‘दगड म्हणाली आणि दगड झाला.’ ‘तिचीच जीभ लागली.’ तिला कुणी विस्तव देईना. तिच्या कोंबड्या कुणीतरी मारून कुंपणाबाहेर टाकल्या. बाराव्याला लडक्या आला तेव्हा अंगणात पाड्यातले सगळे बसले होते. बुधीबाई लांब, वाटेवरच्या ताडाखाली एकटी. पाड्यातला वडीलधारा काळ्या बोलत होता.

‘बुधीनं हा पाडा सोडावा. आमच्या सुनाबाळा आहेत. पावसाच्या आत तिनं जावं.’

चिमण जमीन बघत होता. बुधीबाई उठून उभी राहिली. तिनं काही मागितलं नाही, शिवीसुद्धा दिली नाही. पदर खोचला आणि आपल्या झोपडीकडे वळली, बहुतेक सामान बांधायला.

लडक्याचा हात खिशावर आला. माझ्यावर. हा असाच गप्प बसला असता तर कुणाला काही कळलं नसतं. वाचता येणारा त्या अंगणात दुसरा कोण होता?

‘थांब बुधे!’ तो ओरडला. ‘थांबा सगळे! तिची जीभ नाही लागली. माझी लागली.’

तो अंगणाच्या मधोमध गेला. गूळ वाटला होता त्याच जागी. चिठ्ठी काढली आणि पुन्हा वाचली. पण या खेपेला बोट ठेवून खालपर्यंत वाचली, कंपाउंडरनं सांगितलं होतं तसं. गाठ. मोठी. झपाट्यानं वाढणारी. ताबडतोब दाखल करा. मधेच थांबायचा आणि तीच ओळ पुन्हा वाचायचा.

‘मुंबईची गाडी समोर उभी होती,’ तो म्हणाला. ‘मी नको म्हटलं. बुधी बरोबर बोलत होती आणि मी तिला हाकललं. पाड्यातून कुणाला काढायचं तर मला काढा. मी तर पाड्यातलाही नाही.’

काळ्यानं चिठ्ठी हातात घेतली, मागून पुढून बघितली. ‘यात एवढं आहे?’

‘एवढं आहे. मला तीनच शब्द येत होते.’

चिमण उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा लडक्याला मारणार. लडक्यालाही वाटलं. तो मार खायला उभाच राहिला. चिमण त्याच्यासमोर येऊन हळू आवाजात बोलला.

‘मी तिला विचारलं होतं. दोनदा. मुंबईला जाऊन येऊ का, गाय विकतो. ती म्हणाली, कशाला? लडक्यानं वाचलंय.’

एवढंच बोलून तो आत गेला आणि दार लावून घेतलं.

जेवणाची पानं मांडली होती, कुणी बसलं नाही. एकेक माणूस उठून गेलं. काळ्या ताडापाशी जाऊन बुधीबाईजवळ उभा राहिला, काहीतरी पुटपुटला. ती म्हणाली, ‘माझ्या कोंबड्या आणून दे आधी.’ पाडा सोडायचा विषय तिथंच संपला.

आता माझं सांगते. मी झरीच्या त्या घरात आहे, कुडाच्या कारवीत खोचलेली. सुतळी कुजत आली. पानं भिजून वाळली आहेत, शाई पसरली आहे. बारांतले पाच-सहाच शब्द वाचता येतील, तेही कुणी वाचलेच तर. शुक्री मला कधी कधी हात लावते, गंगी मला हातात घ्यायची म्हणून. तिला माझ्यात काय आहे ते माहीत आहे, तरी ती मला चुलीत घालत नाही. का ते मला कळत नाही.

तुमच्या हातात कुणी कागद दिला आणि म्हणालं, वाच, तर जेवढं येतं तेवढंच वाचा आणि बाकीचं येत नाही म्हणा. ‘येत नाही’ हे दोन शब्द माझ्यात कुणी लिहिले नव्हते. लडक्याला ते कधी म्हणता आले नाहीत. गंगीसमोर तर नाहीच.

मी भिजले कशी, तेवढं सांगून थांबते.

अंगण रिकामं झालं. शुक्री ओटीवर बसली होती. रांजणात पाणी नव्हतं. बाराव्याचं पाणी शेजारच्या बायका भरणार होत्या, त्या निघून गेल्या होत्या. शुक्रीला गुडघ्यांनी चालवत नव्हतं. लडक्यानं कोपऱ्यातला हंडा उचलला आणि उतरणीनं विहिरीवर गेला. वैशाखातली विहीर, तळाला गेलेली. त्यानं पोहऱ्यानं पाणी ओढून हंडा भरला आणि खांद्यावर घ्यायला गेला, तर अर्धं पाणी सांडलं. विहिरीवरच्या पोरी तोंडाला पदर लावून बघत होत्या. बाप्या माणूस पाणी भरत नाही तिकडं.

बुधीबाई मागून आली. आपल्या लुगड्याच्या जुन्या फडक्याची चुंबळ वळली आणि त्याच्या डोक्यावर ठेवली. हंड्याला हात लावून वर चढवायला मदत केली.

‘मान ताठ ठेव,’ ती म्हणाली. ‘खाली बघू नको.’

तो चढण चढला. पाणी डुचमळून त्याच्या खिशावर सांडत होतं, माझ्यातली अक्षरं सुटत होती. सात खेपा केल्या त्यानं. रांजण भरला, दोन मडकी भरली, गाईच्या दोणीत ओतलं. शेवटच्या खेपेचं पाणी त्यानं ताट झाकून चिमणच्या बंद दारापाशी ठेवलं. मग मला खिशातून काढून कुडात वाळत खोचलं, आणि बोर्डीची वाट सोडून तलासरीच्या वाटेला लागला.